शिअरेचा चोपदार

उद्या सकाळी शम्सा हे घर सोडून जाणार, हे हैल गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक झालं होतं. पण घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळे परसात झाहिरच्या दुर्बिणीभोवती गोळा झाले होते.

झाहिर म्हणजे घरातलं शेंडेफळ. मस्कतला नोकरी. सुट्टीला आला की हातात काहीतरी यंत्र असायचंच. मागच्या खेपेला त्याने रोट्या भाजायचं यंत्र आणलं होतं. ते नसराने, म्हणजे थोरल्या वहिनीने, कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण म्हणून लावलं. या खेपेला ही नळी, पांढरी, हातभर लांब, तीन पायांवर उभी. ईशाची, रात्रीची नमाज झाली, कहवा उकळला, रात्रीच्या पाण्याची वेळ म्हणून रिवाजाप्रमाणे घराघरांच्या अंगणांतले दिवे मालवले गेले, आणि झाहिर थंडीने नाक ओढत त्या नळीशी झटापट करत बसला.

“अरे, दिसतंय का काही, का नुसता डोळा मिचकावतोयस?” नसराने विचारलं.

“जरा दम धरा ना, वहिनी.”

“दम धरून धरून माझी बोटं गोठली. हा डोंगर आहे बाबा, तुमचं मस्कत नव्हे.”

“सापडला! सापडला! या, बघा. हा मुश्तरी. सगळ्या ग्रहांत थोरला. शेजारी चार ठिपके दिसतात? ते त्याचे चंद्र.”

नसराने पदर सावरला, वाकली, आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. असं वर्षातून एखाद्या वेळीच घडायचं. मग म्हणाली, “सुबहानल्लाह! अरे, हा तर कोंबडीसारखा पिल्लं घेऊन हिंडतोय! आणि आजवर आपल्याला एकटाच वाटायचा बिचारा.”

तिचा नवरा हमूद, घरातला थोरला, वाकून बराच वेळ बघत राहिला. “मला तर माझी पापणीच दिसतेय,” तो शेवटी म्हणाला, आणि सगळे हसले. मग याकूबने बघितलं. हा शम्साचा भाऊ. दुपारीच मस्कतहून गाडी घेऊन आला होता, तिला न्यायला. तिची पेटी आणि बोचकं संध्याकाळीच गाडीत चढलं होतं, उगाच पहाटे धावपळ नको म्हणून.

“शम्सा, ये, तूही बघ,” असं कुणी म्हणालं नाही. मुद्दाम नव्हे, तिच्या हातात कहव्याची सुरई होती आणि सुरई धरणाऱ्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती पेले भरत फिरत होती, आणि तिचा सगळा जीव परसाच्या टोकाला, त्या बसक्या दगडावर अडकला होता.

दगडावर तिचे सासरे बसले होते. मुहन्ना. अंगावर उंटाच्या लोकरीचा जाडजूड झगा, हातात काठी, तोंड समोरच्या डोंगरकडेकडे.

त्या जागेवरून खालची पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसतात आणि समोरच्या कडेतली खाच नेमकी डोळ्यांसमोर येते. हैलला रात्रीचं पाणी ताऱ्यांवर चालतं. ठरलेला तारा खाचेत आला की एकाची बारी संपली, दुसऱ्याची लागली. दगडावरून मुहन्ना ओरडणार, “दारं मोड!” खाली पाटावर उभा असलेला पाटकरी मर्हून मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वावरात घेणार आणि उलट ओरडणार, “पोचलं, मुहन्ना!” ओरडणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय बारी फिरली असं धरत नाहीत. उद्या तंटा झाला तर कुणाच्या शब्दावर पाणी फिरलं, हे सगळ्या गावाने आपल्या कानांनी ऐकलेलं असावं लागतं.

घड्याळं आली तेव्हा गाव बसलं होतं मशिदीत, आता ताऱ्यांची कटकट कशाला म्हणून. पण घड्याळ कुणाचं धरायचं? हमूदचं पुढे, शेजाऱ्याचं मागे, आणि मर्हूनचं तर नुसतं शोभेला. शेवटी सगळे म्हणाले, तारा बरा. तो कुणाचा मेहुणा नाही. आणि तारा बघणारा मुहन्ना बरा. त्याने आजवर कुणाचं ओंजळभर पाणी इकडचं तिकडे केलं नाही.

एवढी इभ्रत त्या म्हाताऱ्याची. आणि त्याला दिसत नव्हतं.

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि शम्साला. आणि गंमत बघा, दोघांनी ते एकमेकांनाही कधी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा सैफ गेला त्या हिवाळ्यातली गोष्ट. सैफ म्हणजे मुहन्नाचा मधला मुलगा. अंगाने धिप्पाड, हसण्याने त्याहून मोठा, आणि गेला तापाने. शम्साच्या पदरी मूलबाळ नाही. गावात सगळ्या बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, नसराला ‘राशिदची आई’ म्हणतात. शम्साला हाक मारायला कुणाचं नावच नव्हतं. झोप येईना म्हणून ती परसात आली, तर सासरे दगडावर बसलेले.

“कोण?”

“मी, बाबा.”

“बस. काय गं, शिअरा आली का खाचेत?” त्यांनी विचारलं होतं. अगदी सहज, पोरीची परीक्षा घ्यावी तसं.

तिला कुठली शिअरा आणि कुठली काय! तिचं घराणं झांझिबारहून परतलेलं, ती वाढली समुद्राकाठी. तिला मासे कळायचे, तारे नव्हे. मग ते सांगत गेले. कृत्तिकांचा झुबका बघ. त्याच्या मागे तांबूस डोळ्याची रोहिणी. मग मृगाचे तीन सरळ ठिपके. त्या तिघांनी बोट दाखवलंय तिकडे बघत राहा, तिथून शिअरा, व्याधाचा तारा, निघेल, निळीपांढरी, थरथरणारी. पण सांभाळ हं, तिच्या आधी तिचा चोपदार येतो. राजाच्या पुढे वर्दी देत चालतो ना, तसा एक धाकटा तारा. त्याला बघून भुललीस तर गेलीस.

काही रात्रींतच तिला कळून चुकलं की हे शिकवणं नव्हे. हे विचारणं आहे. ते तोंड खाचेकडे करून बसायचे आणि कान तिच्याकडे असायचे. ती हळूच म्हणायची, “आता, बाबा,” आणि ते ओरडायचे, “दारं मोड!”

तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात असंच चाललं होतं. रात्रीच्या सगळ्या बाऱ्यांना ती उठायची. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा कधी भार वाटला नाही. सैफ गेल्यावर रात्री तिला खायला उठायच्या. या माणसाने त्या रात्रींना काम दिलं, नावं दिली, आभाळ दिलं. नाहीतर आपल्याला वेड लागलं असतं, असं तिला मनापासून वाटायचं.

पण रात्री उठून परसात जाणारी विधवा सून दुसऱ्या कुणाच्याही नजरेला येणारच. नसराच्या नजरेला आली. सासरे तोंड खाचेकडे करून बसलेले, त्यांच्या पाठीमागे कोण येतं-जातं ते त्यांना कुठे कळणार, असा तिचा समज. नसरा तशी वाईट नव्हे हो, पण तिच्या जिभेला लगाम नव्हता. तिने सासऱ्यांना काही सांगितलं नाही, थेट याकूबला फोन लावला. “तुझी बहीण रात्री-अपरात्री बाहेर जाते. मी काही म्हणत नाही. पण गावाला तोंड आहे.” याकूबने शम्साला विचारलं, कुठे जातेस? ती काय सांगणार? म्हाताऱ्याची इभ्रत विकून आपली सोडवायची? ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याचा जो अर्थ लोक काढतात तोच याकूबने काढला. सासऱ्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं की शम्साला आता माहेरी बरं वाटेल.

“बाबा, तुम्ही नाही बघणार मुश्तरी?” झाहिरने हाक मारली.

“मला माझे डोळे पुरेत,” मुहन्ना म्हणाले. “तुझी नळी तुला लखलाभ.”

“वाटलंच होतं मला! बाबांना नवीन काही दाखवा म्हणजे त्यांचा धर्म बाटतो.”

“धर्म नाही रे, पाठ दुखते वाकून.”

शम्सा कहव्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी पेला घेताना तिची बोटं किंचित दाबली. म्हणजे, थांब इथेच. तिला ते कळलं. आजची बारी फिरायची वेळ जवळ आली होती.

“शम्सा!” तिकडून नसरा ओरडली. “हलवा कुठे ठेवलास? आणि तुझी ती नारळातली भजी का काय ती आण की, थंड करून काय मिळणार आहे?”

“मंदाझी म्हणतात त्याला,” याकूब हळूच म्हणाला.

“म्हणत असतील. गोड असली म्हणजे झालं.”

शम्साला जावं लागलं. स्वयंपाकघरातून थाळा घेऊन ती परतते न परतते तोच झाहिरने नळी वळवली होती आणि तिचं तोंड थेट खाचेवर रोखलं होतं.

“आज तुम्ही आरामात बसा, बाबा,” तो म्हणाला. “शिअरा खाचेत आली की मी सांगतो. नळीतून बघितलं म्हणजे चूक व्हायचा सवालच नाही.”

“कशाला उगाच?” मुहन्ना म्हणाले. त्यांचं तोंड इकडे तिकडे वळलं. तिच्या पावलांचा माग काढत होते ते, हे शम्साला अंधारातही कळलं. पण मध्ये हमूद उभा, याकूब उभा, नसरा थाळ्याला हात घालून उभी.

“आली!” झाहिर ओरडला. “अल्लाह, काय लखलखतेय! हिरा आहे हिरा! बाबा, खाचेत आली, अगदी मधोमध!”

म्हाताऱ्याने क्षणभर वाट बघितली. मग नाइलाजाने छाती भरून हाक दिली, “दारं मोड!”

“पोचलं, मुहन्ना!” खालच्या अंधारातून मर्हूनचा आवाज आला.

शम्साने खाचेकडे बघितलं, आणि तिच्या हातातला थाळा कलला.

खाचेत तारा होता. पण ती शिअरा नव्हती. तो चोपदार होता. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर लहान पोरसुद्धा ओळखेल. पण नळीत एकटा दिसला की शेजारी तुलनेला कुणी नाही, धाकटासुद्धा राजा वाटतो. झाहिरचा दोष नव्हता. नळीनेच त्याला फसवलं होतं.

आणि पाणी कुणाचं मोडलं होतं? विधवा गालिया म्हातारीचं. तिचा लसूण ऐन भरात आलेला, खालच्या दोन वाफ्यांना अजून पाणी पोचायचं होतं. आणि पाणी फिरलं होतं कुणाकडे? याच घराच्या डाळिंबांकडे. उद्या सकाळी गालिया आपले कोरडे वाफे बघेल आणि मग साऱ्या गावाला दाखवेल: मुहन्नाने म्हातारपणी स्वतःच्या बागेसाठी विधवेचं पाणी चोरलं.

गप्प बसावं, तर त्यांच्या इमानाला डाग. बोलावं, तर त्यांचं गुपित उघडं. आणि बोलायची ती कोण? उद्या या वेळी ती इथे नसणारच होती. शम्साने थाळा नसराच्या हातात कोंबला.

“बाबा,” ती म्हणाली. मोठ्याने. या परसात ती इतक्या मोठ्याने कधीच बोलली नव्हती. “शिअरा नाही आली. चोपदार आलाय.”

मुहन्नांनी विचारलं नाही, खात्री केली नाही, एक श्वासही वाया घालवला नाही. काठी टेकून उभे राहिले आणि ओरडले, “मर्हून! दारं परत फिरव! गालियाचं पाणी गालियाला! चूक झाली!”

खाली मर्हूनचं फावडं मातीतच अडलं. असा हुकूम मर्हूनने जन्मात ऐकला नव्हता. मग चाचरत आवाज आला, “पोचलं... पोचलं, मुहन्ना.”

परसात पहिला हमूद बोलला. “बाबा, हे काय? हिच्या सांगण्यावरून तुम्ही गावासमोर चूक कबूल केलीत?”

“वहिनी, नळीत बघा तरी आधी,” झाहिर शम्साला म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, रागही आला होता.

तर अशी शम्साला नळी बघायला मिळाली. ती वाकली. काळ्या गोल आभाळात एक तारा असा काही भडकून जळत होता की क्षणभर तिलाच शंका आली. चुकले की काय मी? तिने डोळा काढला, नुसत्या डोळ्यांनी कडेकडे बघितलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. “चोपदारच आहे, झाहिर. शिअरा अजून कडेच्या मागे आहे. जरा थांबा, येईलच.”

“तुला गं काय कळतं ताऱ्यांतलं?” नसराने तोंड उघडलं. “कालपर्यंत तुला उगवती कुठली नि मावळती कुठली ठाऊक नव्हतं. का ते रात्री-अपरात्री परसात जायचीस, तेव्हा कुणी शिकवलं? सांग की भावासमोर, कोण भेटायचं तुला इथे?”

“राशिदची आई,” हमूद दबक्या आवाजात म्हणाला, “पुरे.”

“पुरे काय? त्यासाठीच तर चाललीय ना ती!”

मुहन्ना सावकाश वळले. “त्यासाठी चाललीय?”

याकूब पायांकडे बघत राहिला.

“बाबा,” झाहिरला सगळंच असह्य झालं होतं, “सोडा ना हे. तुम्ही स्वतः बघा आणि सांगा कोण खरं ते. तारा तुमच्या नाकासमोर आहे!”

“दिसत असतं तर बघितलं असतं,” मुहन्ना म्हणाले.

झाहिरने नळीला लावायला झाकण उचललं होतं, ते हातातच राहिलं. 

“मोतीबिंदू आहे, का काय आहे, अल्लाहला ठाऊक,” ते म्हणाले. “सैफ गेला त्या हिवाळ्यात तारे विझले. दिवसा अजून भिंत, माणूस कळतं. रात्री सगळं काजळ. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरात बसवलं असतं आणि पाणी घड्याळाला दिलं असतं. खोटं कशाला बोलू, भीती वाटली मला. आणि मग ही आली. राशिदची आई, तू विचारतेस ना कोण भेटायचं हिला इथे? मी भेटायचो. हा आंधळा म्हातारा. रात्रीच्या सगळ्या बाऱ्या, थंडी म्हणू नका, ताप म्हणू नका, हिने बघितल्या आणि माझ्या नावावर वाहिल्या. तुम्ही जे पाणी पीत होता ते हिच्या डोळ्यांनी वाटलेलं होतं.”

“म्हणजे इतके दिवस सगळं गाव एका आंधळ्याच्या—” हमूदला वाक्य पुरं करवेना.

“गाव आंधळ्याच्या हातात नव्हतं. हिच्या हातात होतं. एकदा तरी कुणाची तक्रार आली?” मुहन्नांचा आवाज फाटला. “आज आली असती. आज हिला तुम्ही माझ्याजवळून उठवलंत आणि पहिल्याच बारीला मी विधवेचं पाणी चोरलं.”

झाहिर नळीचं झाकण हातात घेऊन उभा होता. “मी चोरलं, बाबा. तुम्ही नाही.” मग एकदम म्हणाला, “आणि मोतीबिंदू असेल तर तो निघतो! एका सकाळचं काम! माझ्याबरोबर चला मस्कतला. सांगायला काय झालं होतं, बाबा?”

“येईन. आता सांगून टाकलंय, आता येतो. डोळे आले तर तुझी ती कोंबडी आणि पिल्लं बघीन. पण हे,” त्यांनी काठीने आभाळाकडे खूण केली, “हे आता हिचं.”

शम्साला रडू आवरेना. नसरासमोर रडायचं नाही असं तिने किती वेळा ठरवलं होतं, पण आता ते सुटलंच. “बाबा, तुम्ही कशाला सांगितलंत? मी निघूनच गेले असते, कुणाला कळलंही नसतं.”

“तेच तर, पोरी. तू गेली असतीस आणि कुणाला कळलं नसतं.” त्यांनी हवेत हात पुढे केला, तिने तो धरला. “तुला अडवायला नाही बोललो मी. जायचं तर खुशाल जा, तुझ्या माहेरी तुला सुख लागो. पण ऋण तोंडाने बोलून दाखवायचं असतं. मी फार उशीर केला.”

“ऋण कसलं? तुम्ही नसता तर मी त्या हिवाळ्यातून उठलेच नसते. मला रात्री खायला उठायच्या, बाबा. तुम्ही मला तारे मोजायला बसवलंत. मला वाटायचं मीच तुमची देणेकरी.”

म्हातारा हसला. “मग दोघंही इतके दिवस फुकटच संकोचत होतो म्हणायचं.”

नसरा आतापर्यंत खाली बसली होती, थाळा मांडीवर घेऊन. थाळ्यातली मंदाझी तशीच होती. ती उठली, घरात गेली. आत ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची स्वतःची शाल होती, लग्नातली, जाड लोकरीची, जी ती पोरींनाही हात लावू द्यायची नाही. तिने ती शम्साच्या खांद्यांवर टाकली, जरा जोरातच.

“इतके हिवाळे त्या फडक्यात बसलीस इथे?” ती म्हणाली. “मेली असतीस म्हणजे? एका शब्दाने सांगायचं नाही मला?” आणि मग, कुणाकडेच न बघता, “जीभ झडो माझी. माफ कर गं.”

शम्साने नसराचा हात खांद्यावर तसाच दाबून धरला.

याकूब घसा खाकरून पुढे आला. त्याला बहिणीकडे बघवत नव्हतं. “शम्सा, मी विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस, आणि मी भलतंच समजलो. मी काय बोलणार आता. पण तुझं सामान गाडीत आहे. तू सांगशील तसं.”

“थांब,” शम्सा म्हणाली. “आधी हे.”

कारण शिअरेची वेळ झाली होती. ती दगडाजवळ गेली आणि तिने मुहन्नांना हात धरून परत बसवलं. सगळे तिच्या मागे गेले. नळी एकटीच उभी राहिली. चोपदार खाचेतून बराच वर सरकला होता, आणि त्याने मोकळ्या केलेल्या वाटेवर खालून एक निळं टोक निघालं, थरथरलं, तुटलं, परत जुळलं. नसराच्या तोंडून आपोआप निघालं, “बाई गं!” यंत्र नको, काही नको, नुसत्या डोळ्यांना पुरून उरेल असा तारा खाचेत येऊन बसला. हिला सोडून आपण चोपदाराला भुललो, याची झाहिरला आता लाज वाटली.

“कुठवर आली, शम्सा?” मुहन्नांनी विचारलं. रोज हळूच विचारायचे. आज सगळ्यांसमोर विचारलं.

“आली, बाबा. आता.”

मुहन्ना ओरडले नाहीत.

“बाबा, आली म्हणतेय मी. गालियाची बारी संपली.”

“मग सांग मर्हूनला. दगडावर मी बसलोय, पण शब्द तुझा आहे.”

“बाईमाणसाचा आवाज शेतांवरून जायचा?” हमूद पुटपुटला. पण त्याच्या बोलण्यात आता जोर नव्हता, आणि गंमत म्हणजे त्याला उत्तर नसराने दिलं.

“पाण्याला बाईमाणूस कळत नाही. तुम्ही गप्प बसा. ओरड गं तू.”

शम्साने श्वास घेतला. थंडी छातीत उतरली. पहिल्यांदा घशातून नुसती वाफ निघाली. मग तिने डोळे खाचेवर ठेवले आणि सगळ्या अंगाने हाक दिली, “दारं मोड!”

हाक शेतांवरून गेली, समोरच्या कड्यावर आपटली आणि परत आली. खाली मर्हूनचं फावडं थांबलं. तो बहुधा अंधारात मान वर करून बघत असावा. ही कोण? कुणाच्या शब्दावर पाणी फिरवायचं? कुणाच्या घरात कुणी दार उघडलं, कुणी खिडकी. आजची उलटसुलट गडबड सगळ्या गावाने ऐकली होती आणि सगळं गाव कान देऊन होतं. शम्साला वाटलं, आता उत्तर येत नाही. तिने हातातला म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला.

मग फावडं मातीत घुसल्याचा आवाज आला, पाणी वळल्याचा आवाज आला, आणि त्याच्यावरून मर्हूनची खणखणीत हाक:

“पोचलं, शम्सा!”

मुहन्नांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

“याकूब,” खाचेवरून नजर न काढता शम्सा म्हणाली, “सामान उतरव.”